कागदावर सही होण्यापूर्वीं

'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. ती कोणा अनुभवी माणसाच्या पोळलेल्या मनांतून निघाली असावी, आणि तींत तथ्यही पुष्कळ आहे. परंतु म्हण तोंडोतोंडीं फिरूं लागली म्हणजे तिचा अर्थ पसरट होत जातो. कोर्टाची पायरी चढूं नये, याचा अर्थ लोकांनीं वकिलाचीही पायरी चढूं नये असा करून घेतला आहे. आणि या दोन पायऱ्या एक नव्हेत. तंटा लागल्यावर न्याय मागण्यासाठीं कोर्टांत जावें लागतें. तंटा लागूंच नये म्हणून वाट विचारावयास वकिलाकडे जातां येतें. हें साधें तारतम्य सुटल्यामुळें असें होतें कीं, जो गृहस्थ पावशेर भाजी घेतांना चार दुकानें हिंडतो, तोच जन्माची कमाई घालून घेतलेल्या घराच्या दस्तावर, दुसऱ्यानें बोट ठेवून दाखविलेल्या जागीं, एका मिनिटांत सही करून मोकळा होतो. पुढें समन्स हातीं पडलें म्हणजे तो वकिलाच्या दारीं धांवतो, आणि वकिलाचा पहिलाच प्रश्न असतो, "सही करण्यापूर्वीं कां आलां नाहींत?"

सल्ला कोणी घेतच नाहीं असें मात्र नव्हे. आपल्या समाजांत सल्ल्यावांचून सहसा कांहींच होत नाहीं. तो कोणाकडून घेतला जातो, एवढाच काय तो प्रश्न आहे. तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारा अर्ज लिहिणारा, मुद्रांकविक्रेता, दस्त लिहून देणारा लेखक, वकिलाचा कारकून, सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले शेजारचे अण्णा, आणि ज्यानें पूर्वीं एकदां दावा जिंकला आहे असा भावकींतला एखादा धोरणी पुरुष, हे आपल्याकडील खरे कायदेपंडित होत. या मंडळींची हेटाळणी करण्याचें कारण नाहीं. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर द्यावयाचा, कोणती नक्कल किती दिवसांत मिळते, हें त्यांना पुष्कळदां वकिलापेक्षां अधिक ठाऊक असतें. परंतु त्यांना ठाऊक असतो तो नमुना. गेल्या वर्षीं एकासाठीं जसा मजकूर लिहिला तसाच तो यंदा दुसऱ्यासाठीं लिहिला जातो. दोघांची हकीकत निराळी आहे हें ओळखणें त्यांच्या कामांत मोडत नाहीं.

या निष्काळजीपणाची किंमत किती जबर असते, हें पाहण्यासाठीं दूर जावयास नको. खेड्यापाड्यांतून अजूनही घडणारा एक व्यवहार घ्यावा. शेतकऱ्याला लग्नासाठीं किंवा दुखण्यासाठीं पैसा हवा असतो. सावकार रक्कम देतो, पण गहाणखत करून घेत नाहीं. खरेदीखत करून घेतो. "पैसे फेडलेस कीं जमीन पुन्हां तुझ्या नांवावर करून देईन," असें तोंडीं वचन दिलेलें असतें, किंवा फार तर निराळ्या कागदावर चार ओळी लिहिलेल्या असतात. शेतकऱ्याच्या मनांत हें गहाण असतें; दस्तांत ती खरेदी असते. आतां मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे १८८२ सालचा, आणि त्याच्या ५८ व्या कलमाला १९२९ सालीं एक परंतुक जोडण्यांत आलें. जमीन परत देण्याची अट खरेदीच्या त्याच दस्तांत लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाहीं, असें तें परंतुक सांगतें. गहाण असलें तर कर्ज फेडून जमीन सोडविण्याचा हक्क टिकतो; खरेदी झाली तर तसा हक्क उरत नाहीं. निराळ्या कागदावरचा करार करार म्हणून चालतो खरा, पण त्यांतील मुदत एका दिवसानें चुकली तरी तो बहुधा बुडतो. म्हणजे एकच ओळ या कागदावर आहे कीं त्या कागदावर, एवढ्यावर एका कुटुंबाची जमीन राहते किंवा जाते. ही गोष्ट सांगावयास वकिलाला पांच मिनिटें पुरतात. ती ऐकली नाहीं तर पुढें कोर्टांत वर्षेंच्या वर्षें जातात. कारण लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाहीं. दस्त केवळ दिखाऊ होता व खरा व्यवहार निराळाच होता असें दाखविण्यापुरता तोंडी पुरावा चालूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं ठरविलें आहे. पण तें सिद्ध करण्याचें ओझें ज्यानें सही केली त्याच्याच डोक्यावर असतें, आणि तोंवर साक्षीदार बहुधा वारलेले असतात.

हें दुखणें आजकालचें नव्हे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. त्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रोखे, खतें, हुकूमनामे हिसकावून घ्यावयाचे व जाळावयाचे, हाच त्यांचा मुख्य उद्योग. ज्या कागदांत काय लिहिलें आहे हें आपल्याला कधीं कळलेंच नाहीं, त्या कागदांनीं आपलें घरदार नेलें, असें त्यांना वाटत होतें. सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यांतील व्याजासंबंधींचीं व हप्त्यांसंबंधींचीं कलमें प्रसिद्ध आहेत. त्यांपेक्षां कमी प्रसिद्ध, पण प्रस्तुत विषयाशीं अधिक निगडित, अशीं दोन कलमें त्याच कायद्यांत होतीं. एकानें असें ठरविलें कीं, शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त गांवच्या निबंधकासमोर व त्याच्या देखरेखीखालीं लिहिला जावा. दुसऱ्यानें न्यायाधीशाला अशी मुभा दिली कीं, सावकाराच्या बाजूनें वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील देण्याची ऐपत नसेल, तर शेतकऱ्यासाठीं वकिलाची व्यवस्था करावी. गरिबाला सरकारी खर्चानें कायद्याची मदत मिळावी ही कल्पना अगदीं अलीकडची आहे असें समजणाऱ्यांनीं हें जुनें कलम अवश्य पाहावें. कायदा पुढें गेला, दुसरे कायदे आले. सांप्रत महाराष्ट्रांत २०१४ सालचा सावकारी नियमनाचा कायदा लागू आहे. बेकायदा सावकारीपोटीं बळकावलेली जमीन, अर्ज ठराविक मुदतींत आला व चौकशींत तसें सिद्ध झालें तर, शेतकऱ्याला परत देवविण्याचा अधिकार त्यानें जिल्हा निबंधकाला दिला आहे. हा मार्ग कोर्टापेक्षां पुष्कळ सोपा आहे. परंतु तो आहे हेंच कित्येकांना ठाऊक नसतें, आणि मुदत मात्र कोणाला ठाऊक असो वा नसो, चालतच राहते.

सल्ला मिळणें आणि सल्ला कळणें यांतही अंतर आहे. पडदानशीन स्त्रियांच्या बाबतींत हिंदुस्थानांतील न्यायालयांनीं हें फार पूर्वींच ओळखलें होतें. पडद्याआड बसलेल्या स्त्रीकडून कोणी दिवाण, कोणी दीर, कोणी कारभारी कागदावर सही किंवा शिक्का घेई, आणि इस्टेट दुसऱ्याच्या घशांत जाई. तेव्हां प्रिव्ही कौन्सिलनें असा दंडक घालून दिला कीं, अशा दस्तानें ज्याचा लाभ झाला असेल त्यानेंच तो दस्त त्या स्त्रीला समजला होता हें शाबीत करावें. दस्त तिला वाचून दाखविला होता काय, तिच्या भाषेंत समजावून दिला होता काय, ज्याचा त्यांत हितसंबंध नाहीं अशा माणसाचा सल्ला तिला मिळाला होता काय, हे प्रश्न न्यायाधीश विचारूं लागले.

पण असा सल्ला तिला द्यावयाचा कोणी? पुरुष वकील पडद्याआड जाऊं शकत नसे आणि स्त्रीला वकिलीची सनद मिळत नसे. या अडचणींतून वाट काढणारी स्त्री महाराष्ट्रांत वाढलेली होती. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या पदवीधर झाल्या, आणि ऑक्सफर्ड येथें कायद्याचा अभ्यास करून १८९२ सालीं तेथील परीक्षा त्यांनीं दिली. परीक्षा उतरल्या तरी वकिली करण्याची परवानगी नव्हती. शेवटीं १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सनें, म्हणजे अज्ञान व असहाय वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यानें, त्यांना पडदानशीन स्त्रियांसाठीं नेमलें, आणि पुढें जवळजवळ अठरा वर्षें त्या जमीनदारांच्या अंतःपुरांत जाऊन विधवांच्या व अल्पवयी वारसांच्या हकीकती ऐकत राहिल्या. स्त्रियांना वकिलीची बंदी नाहीं असा कायदा १९२३ सालीं झाला, तेव्हां त्यांची उमेद सरत आली होती. त्यांचीं राजकीय मतें आजच्या वाचकाला रुचणारीं नव्हेत. तें बाजूस ठेवलें तरी एवढें खरें कीं, सल्ला घेणारी जेथें आहे तेथें सल्ला देणारीनें गेलें पाहिजे, ही गोष्ट त्यांच्याइतकी फार थोड्या कायदेपंडितांना कळली होती. पडदा आतां पुष्कळसा गेला. परंतु वडिलार्जित मिळकतींतील आपला हिस्सा सोडून देणाऱ्या हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते, तेव्हां तो कागद तिला कोणी वाचून दाखवितो काय? २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. आणि भावाबहिणींचें गोड नातें राखण्यासाठीं त्या हक्काचा कागद दुय्यम निबंधकाच्या कचेरींत किती घाईनें सोडला जातो, हें त्या कचेरीच्या बाकावर अर्धा दिवस बसणाऱ्याला दिसून येईल. तिनें हिस्सा सोडावा कीं न सोडावा हा तिचा प्रश्न आहे. पण काय सोडलें हें तिला सोडण्यापूर्वीं कळावें.

आतां वकिलाकडे गेल्यानंतरची गोष्ट. वैद्यापाशीं आणि वकिलापाशीं लपवूं नये असें म्हणतात, आणि लोक बरोबर वकिलापाशींच लपवितात. आपल्या बाजूचीं बळकट तेवढीं सांगावयाचीं आणि दुबळीं तेवढीं गिळावयाचीं, ही अशिलाची खोड जगजाहीर आहे. पूर्वीं घेतलेल्या रकमेची पावती, स्वतःच लिहिलेलें एखादें रागाचें पत्र, आधीं झालेला एक दावा, हीं नेमकीं तेवढीं सांगावयाचीं राहतात आणि उलटतपासणींत प्रतिपक्षाच्या वकिलाच्या हातांतून बाहेर पडतात. यामागें अब्रूची भीति असते. ही भीति घालविण्यासाठींच कायद्यानें वकिलाच्या तोंडाला कुलूप घातलें आहे. अशिलानें वकिलीच्या कामासाठीं सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवांचून वकिलानें उघड करूं नये, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत १२६ व्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांत तो १३२ व्या कलमांत आला आहे. हें बंधन वकिलाच्या कारकुनावर व दुभाष्यावरही आहे, आणि वकिली संपल्यावरही तें सुटत नाहीं. अर्थात् पुढें करावयाच्या बेकायदा कृत्यासाठीं कोणी सल्ला मागितला तर त्याला हें संरक्षण नाहीं. झालेलें पाप वकिलाजवळ बोलतां येतें; होणाऱ्या पापांत त्याला भागीदार करतां येत नाहीं.

व्यवहाराच्या बाजूही अशिलानें जाणून घेतल्या पाहिजेत, कारण त्यांवरून पुष्कळ मनस्ताप होतो. दावा जिंकल्यास मिळकतींत इतका वाटा, असा फीचा करार वकिलाला करतां येत नाहीं. वकील परिषदेच्या नियमांनीं तो निषिद्ध आहे, आणि असा प्रस्ताव वकिलाकडून आला तर अशिलानें दुसरें दार पाहावें. फी राहिली म्हणून वकिलानें अशिलाचे कागद अडवून ठेवूं नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं दिला. उलट, वकिलाच्या कामांतील उणिवेबद्दल ग्राहक न्यायालयांत जातां येणार नाहीं, असें त्याच न्यायालयानें २०२४ सालीं ठरविलें. तेव्हां गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या वकील परिषदेकडेच न्यावी लागते. वकीलपत्र कोरें असतांना त्यावर सही करूं नये. मूळ कागद देण्याऐवजीं शक्य तेथें नक्कल द्यावी, आणि मूळ द्यावाच लागला तर त्याची पोंच घ्यावी. महत्त्वाच्या बाबतींत मत लेखी मागावें. बोललेला सल्ला घरीं पोंचेपर्यंत ऐकणाऱ्याच्या इच्छेप्रमाणें बदलत जातो. "जमणें कठीण आहे" या वाक्यांतला 'कठीण' रस्त्यांत गळतो आणि 'जमणें' तेवढें घरीं पोंचतें.

संस्थांची तऱ्हा व्यक्तींहून निराळी. संस्थेजवळ पैसा असतो, वकील नेमलेला असतो, आणि तरीही सल्ला वेळेवर घेतला जात नाहीं. कारण संस्थेंत प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणा एकाची नसते. मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहसंस्थांचें उदाहरण घ्यावें. १९६३ च्या फ्लॅटविषयक कायद्याप्रमाणें इमारत बांधणाऱ्यानें संस्था नोंदल्यानंतर जमिनीचें व इमारतीचें अभिहस्तांतरण संस्थेला करून द्यावयाचें असतें. हजारों सभासद वर्षानुवर्षें त्या घरांत राहिले, देखभालीचे पैसे भरीत राहिले, वार्षिक सभांतून जिन्याच्या रंगावरून भांडत राहिले, आणि पायाखालची जमीन कोणाच्या नांवावर आहे हा प्रश्न इमारत मोडकळीस येऊन ती पाडून नवी बांधण्याची वेळ आली तेव्हां पुढें आला. तोंवर बांधणाऱ्याचे वारस परदेशीं, कागद गहाळ, आणि जमिनीचा भाव आकाशाला भिडलेला. अशा संस्थांसाठीं कायद्यांत दुरुस्ती होऊन २००८ पासून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय झाली. बांधणारा आला नाहीं तरी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून संस्थेला आपला हक्क नोंदवून घेतां येतो. त्यालाही पुष्कळ कागद लागतात. पण पहिल्याच वर्षीं एका वकिलाला एक प्रश्न विचारला असता तर पुढचा सारा व्याप वांचला असता. आणखी एक गोष्ट गृहसंस्थांच्या कार्यकारी समित्या विसरतात: संस्थेच्या पैशानें नेमलेला वकील हा संस्थेचा वकील असतो, अध्यक्षांचा नव्हे. एखाद्या सभासदाशीं असलेलें वैयक्तिक हाडवैर नोटिशीच्या रूपानें चालविण्यासाठीं तो नेमलेला नसतो.

मोठ्या कंपन्यांत व सरकारी खात्यांत याच्या उलट रोग आढळतो. तेथें मत मागविलें जातें तें पुष्कळदां वाट कळावी म्हणून नव्हे, ठरलेल्या वाटेवर छत्र असावें म्हणून. वकिलाकडे मत मागवावयाचें तर हकीकत लिहून तिच्याखालीं प्रश्न घालावे लागतात, आणि वकील उत्तर देतो तें त्या हकीकतीपुरतें. हकीकतींतली एक अडचणीची तारीख वगळली कीं उत्तर आपोआप सोयीचें होतें. तसें न झाल्यास दुसऱ्या वकिलाकडे तीच हकीकत थोडी निराळी करून जाते. शेवटीं अनुकूल मत दप्तरांत लागतें, आणि पुढें चौकशी झाली म्हणजे "आम्हीं कायद्याचा सल्ला घेतला होता" असें सांगतां येतें. महाराष्ट्र सरकारांत खात्यांना मत देण्यासाठीं विधि व न्याय विभाग आहे, त्याच्या माथ्यावरचा सचिव 'विधि परामर्शी' म्हणविला जातो, आणि त्याच्याही वर संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदाप्रमाणें महाधिवक्ता असतो. व्यवस्था उत्तम आहे. पण प्रश्न प्रामाणिकपणें विचारला जाईल एवढी हमी कोणत्याही अनुच्छेदांत घालतां आलेली नाहीं. कंपन्यांच्या बाबतींत आणखी एक बारकावा आहे. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकील परिषदेच्या नियमांप्रमाणें वकिली करतां येत नाहीं. त्यामुळें कंपनीच्या पदरीं असलेल्या कायदा-अधिकाऱ्याशीं झालेल्या बोलण्याला वकील-अशील गुप्ततेचें पुरें संरक्षण मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं स्पष्ट केलें. आंतल्या माणसाला विचारलें म्हणजे सारें गुप्त राहिलें, या समजुतींत राहणाऱ्या व्यवस्थापकांनीं हा निकाल डोळ्यांआड करूं नये.

विश्वस्तांसाठीं मात्र कायद्यानें एक मोठी सुंदर सोय करून ठेवली आहे. खाजगी न्यासाच्या विश्वस्ताला कारभारांत पेंच पडला तर १८८२ च्या न्यास कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणें तो दावा न लावतां सरळ दिवाणी न्यायालयाकडे अर्ज करून न्यायाधीशाचेंच मत, सल्ला किंवा आदेश मागूं शकतो. आणि त्यानें हकीकत प्रामाणिकपणें सांगितली असेल व त्या सल्ल्याप्रमाणें वागला असेल तर त्या बाबतींत त्याच्यावर ठपका येत नाहीं. देवस्थानें, शाळा, वाचनालयें यांसारख्या सार्वजनिक न्यासांना १९५० चा निराळा कायदा लागू आहे, आणि त्यांची जमीन धर्मादाय आयुक्ताच्या मंजुरीवांचून विकतां येत नाहीं. गांवोगांवच्या देवस्थानांच्या पंचांनीं ही मंजुरी न घेतां केलेल्या विक्रीवरून पिढ्यान् पिढ्या खटले चालले आहेत.

राहतां राहिला तो गरीब. त्याला वरील सर्व विवेचन ऐकून हंसूं आल्यास नवल नाहीं. कारण त्याची अडचण सल्ला केव्हां घ्यावा ही नसून फी कोठून द्यावी ही आहे. मुंबईंत १९२४ सालीं गरिबांना कायद्याची मदत देणारी एक संस्था निघाली होती. पुढें १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं या प्रश्नासाठीं समिति नेमली. समितीच्या सूचना बराच काळ कागदावरच राहिल्या. योगायोग असा कीं, त्यांचेच चिरंजीव प्र. न. भगवती यांना सर्वोच्च न्यायालयांत बसून त्या कल्पनेला बळ द्यावयाचें होतें. मध्यंतरीं १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें संविधानांत अनुच्छेद ३९-क घालण्यांत आला. पैशाअभावीं कोणी न्यायाला मुकूं नये म्हणून राज्यानें विनामूल्य कायदेशीर साहाय्य द्यावें, असें तो सांगतो. १९७८ सालीं महाराष्ट्रांतीलच एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, तुरुंगांतल्या कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठीं वकील दिला पाहिजे. १९७९ सालीं बिहारच्या तुरुंगांत खटल्यावांचून वर्षानुवर्षें खितपत पडलेल्या कैद्यांचें प्रकरण पुढें आलें. त्यांतले कित्येक जण, गुन्हा शाबीत होऊन जास्तींत जास्त शिक्षा झाली असती तरी तीहून अधिक काळ, केवळ वाट पाहत आंत होते. जामिनासाठीं अर्ज करतां येतो एवढेंच त्यांना कोणी सांगितलें असतें तर! पुढें १९८६ सालीं न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें: आरोपीनें वकील मागितला नाहीं म्हणून तो द्यावयाचा नाहीं, हें चालणार नाहीं, कारण आपल्याला मागतां येतें हेंच त्याला ठाऊक नसतें.

कायदेशीर सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा. तो अंमलांत आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजीं. त्याप्रमाणें राज्याला, जिल्ह्याला आणि तालुक्याला विधि सेवेची यंत्रणा आहे, व ती बहुतेक ठिकाणीं न्यायालयाच्या आवारांतच असते. तिच्या १२ व्या कलमांतील एक गोष्ट श्रोत्यांपैकीं पुष्कळांना नवी वाटेल. ठराविक मर्यादेपेक्षां कमी उत्पन्न असणाऱ्यांना विनामूल्य वकील मिळतो, हें साधारणतः ठाऊक असतें. परंतु स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, अटकेंतले लोक आणि पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींत सांपडलेले, यांना उत्पन्नाची अट मुळींच नाहीं. घरांतून बाहेर काढलेल्या सुखवस्तु घरच्या सुनेलाही, तिच्या नांवावर काय आहे हें न विचारतां, हा वकील मिळूं शकतो. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, अशी लोकांची समजूत आहे, आणि ती कधीं कधीं खरीही ठरते. फौजदारी खटल्यांसाठीं पूर्ण वेळाचे बचाव-वकील नेमण्याची योजना २०२२ पासून सुरू झाली ती या तक्रारीवर उपाय म्हणूनच.

याच कायद्याखालीं लोकअदालती भरतात. तेथें तडजोड झाली कीं कोर्टफी परत मिळते आणि दावा एका दिवसांत मिटतो, म्हणून त्यांची स्तुति होते व ती रास्त आहे. पण लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचें बळ असतें, आणि त्यावर अपील नसतें, ही दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणें सांगितली जात नाहीं. मोटार अपघातांत कर्ता पुरुष गमावलेल्या बाईला विमा कंपनीचा आंकडा मान्य करण्यास एका दुपारचा वेळ मिळतो. त्या दुपारीं तिच्या शेजारीं कोणी जाणता असेल तर तो आंकडा कसा काढला, मयताचें वय व मिळकत धरली कीं नाहीं, हें विचारील. नसेल तर ती सही करील.

अशा बाईनें आधींच काय करावें, हें अगदीं सोपें आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करतां येतो, किंवा तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीच्या खोलींत जातां येतें. अर्ज मराठींत चालतो. त्याला कोर्टफी नाहीं. उत्पन्नाचा प्रश्न असेल तेथें अर्जदाराचें प्रतिज्ञापत्र साधारणतः पुरतें. लिहितां येत नसेल तर तोंडीं सांगावें. तिची हकीकत ऐकून ती कागदावर उतरवून घेणें आणि तिच्या अंगठ्यापूर्वीं तिला ती वाचून दाखविणें, हें तेथील अधिकाऱ्याचें काम आहे.